हाफटाइमचा हिशेब

२० फेब्रुवारी २०१७ च्या संध्याकाळी दक्षिण लंडनमधल्या सटनच्या मैदानावर एफए कपचा सामना चालू होता. पाहुणे होते आर्सेनल, म्हणजे साक्षात लक्ष्मीपुत्र. यजमान सटन युनायटेड पाचव्या श्रेणीतले; नुसत्या फुटबॉलवर भागत नाही म्हणून त्यांचे खेळाडू दिवसा दुसरी कामं करायचे. त्यांचा राखीव गोलरक्षक वेन शॉ हा चाळिशी केव्हाच ओलांडलेला, देहाने ऐसपैस गृहस्थ. संघ दोन गोलांनी मागे पडलेला, बदली खेळाडूंचा कोटा संपलेला. थोडक्यात, आता आपल्याला मैदानात उतरावं लागण्याचा धोका टळला, हे शॉसाहेबांच्या लक्षात आलं. त्यांनी एक मीट-पाय हातात घेतला आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर निवांतपणे खाल्ला. घोटाळा असा, की हा माणूस कॅमेऱ्यासमोर पाय खाईल यावर एका सट्टा कंपनीने एकास आठचा भाव लावून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी शॉसाहेबांनी राजीनामा दिला. पुढे फुटबॉल असोसिएशनने ३७५ पौंड दंड आणि दोन महिन्यांची बंदी सुनावली. आपण खाल्ली ती पेस्टी होती, पाय नव्हेच, असंही एक स्पष्टीकरण आलं. पण शिक्षेत त्याने काही फरक पडला नाही.

फुटबॉलच्या इतिहासात मीट-पायला याहून जास्त किंमत कोणी मोजली नसेल. बाकीचे प्रेक्षक मात्र त्यांच्या फार मागे आहेत असं समजू नका.

ज्यांनी मीट-पाय पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाडसर मैद्याची वाटी, तिच्यात खिमा किंवा मांस-बटाट्याचं सारण, वर मैद्याचंच झाकण, आणि हे सगळं भट्टीत भाजलेलं. स्कॉटलंडात आत मटण असतं आणि झाकण कडेच्या जरा खाली बसवतात, म्हणजे वरच्या खळग्यात ग्रेव्ही ओतायची सोय होते. एका हातात मावणारा, उभ्याने खाता येणारा, थंडीत बोटांना ऊब देणारा असा हा मूळचा शहाणा पदार्थ. पण मैदानावर तो तासन् तास गरम कपाटात बसून असतो. त्यामुळे त्याच्या कडा पुठ्ठ्याच्या होतात आणि पोटात ज्वालामुखी धुमसत राहतो. पहिला घास कोमट लागतो, आपला विश्वास बसतो, आणि दुसऱ्या घासाला टाळू सोलून निघते. तिसऱ्या घासाला चव कळायला टाळूच शिल्लक नसते. विक्रेत्यांच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट.

तरीही इंग्रज त्याच्यावर जीव टाकतो. एखादा खेळाडू जरा अंगाने सुटला, की हजारो लोक एका सुरात, सगळे पाय फस्त करणारा तो महाभाग कोण, याची जाहीर चौकशी करतात. या गाण्याचा संबंध शेफील्ड युनायटेडच्या विल्यम फोकशी जोडतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा हा गोलरक्षक वजनाने सव्वाशे किलोच्या वर गेलेला, आणि १८९७ मध्ये इंग्लंडसाठी एक सामनाही खेळलेला. बाकीच्यांच्या आधी जेवणघरात जाऊन त्याने अख्ख्या संघाची न्याहारी एकट्याने उडवली, अशी दंतकथा आहे. मला ती खरी वाटते, कारण त्या काळी खाणं सामन्याच्या भावाने विकत नसावेत.

पायच्या जोडीला बोव्हरिल. हा गोमांसाचा अर्क; चमचाभर घेऊन गरम पाण्यात ढवळायचा. जॉन लॉसन जॉन्स्टन या स्कॉटिश गृहस्थाने तिसऱ्या नेपोलियनच्या फ्रेंच सैन्याला मांस पुरवण्याच्या खटपटीतून तो काढला. ते सैन्य युद्ध हरलं, पण त्याचा दोष अर्काकडे जात नाही. पेय खारट, तपकिरी आणि गरम असतं. या तिन्हींपैकी गरम असणं हा एकच गुण. मॅडकाउ रोगाच्या धसक्याने परदेशी विक्री अडली, तेव्हा २००४ मध्ये कंपनीने त्यातलं गोमांस काढून टाकलं आणि २००६ मध्ये परत घातलं. म्हणजे मधली दोनेक वर्षं आपल्याकडच्या शाकाहारी पाहुण्याला इंग्लंडात बोव्हरिल पिता आलं असतं. पण वेळेवर कळवणार कोण? अशा महत्त्वाच्या बातम्या आपल्यापर्यंत नेहमी उशिरा येतात.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे पैसे. फुटबॉलचं मध्यंतर पंधरा मिनिटांचं. एवढ्या वेळात तीस-चाळीस हजार माणसांना पाय, चहा, बिअर आणि स्वच्छतागृह या चारही गोष्टी एकदमच आठवतात. माझा भाचा तिकडे नोकरीला आहे. तो मला उत्तर इंग्लंडातल्या एका मैदानावर घेऊन गेला आणि चाळिसाव्या मिनिटाला कोपर मारून म्हणाला, “मामा, उठा. आत्ता गेलो तरच मिळेल.” आम्ही रांगेत लागलो आणि अर्थातच गोल झाला. डोक्यावर सिमेंटचं छत, त्याच्या वरून प्रचंड आरोळी. ओरडण्याच्या लांबीवरून गोल कोणाचा हे ओळखायचं शास्त्र तिथल्या रांगकऱ्यांना अवगत असतं. पुढचा म्हातारा मान न वळवता म्हणाला, “आपला.” रांग सोडून कोणी पाहायला गेलं नाही. गोल काय, रात्री टीव्हीवर पुन्हा दिसतो. सोडलेला नंबर दिसत नाही.

दोन पाय, एक चहा, एक बिअर. वीसच्या आसपास पौंड झाले. मी मनातल्या मनात शंभराने गुणून पाहिलं, मग सवयीप्रमाणे शंभराच्या वर जे काय असेल तेही धरलं, आणि माझा चेहरा पडला. “मामा, इथे रुपयांत हिशेब करायचा नसतो,” भाचा म्हणाला. हा नियम पौंडांत पगार घेणाऱ्यांसाठी असतो, पाहुण्यांना लागू नाही. शिवाय पैसे त्यानेच दिले होते. पण त्याच्या आईला जाऊन सांगायचं मला होतं.

मग पाण्याची बाटली घेतली. काउंटरवरच्या मुलीने झाकण उघडलं, बाटली माझ्या हातात दिली आणि झाकण स्वतःकडे ठेवलं. झाकणबंद भरलेली बाटली लांब फेकता येते आणि लागते. उघडी बाटली फेकली तर पाणी वाटेतच सांडतं आणि बहुतेक फेकणाऱ्याच्याच डोक्यावर. म्हणून ही व्यवस्था. मी बाटली पूजेच्या कलशासारखी दोन्ही हातांत धरून पायऱ्या चढलो. जागेवर बसल्यावर भाच्याने खिशातून घरून आणलेलं एक झाकण काढलं आणि बाटलीला लावलं. त्याच्या शिक्षणावर झालेला खर्च वसूल झाल्यासारखं वाटलं.

एवढे पैसे लोक देतात कसे, हा प्रश्न बाहेरच्याला पडतो. आत बसलेल्याला पडत नाही, कारण तो आत असतो. बाहेर पडलं तर परत घेत नाहीत, घरून आणलेलं बऱ्याच ठिकाणी दारावरच ठेवून घेतात, आणि आत विकणारा एकच. एसटी जिथे जेवायला थांबते त्या हॉटेलचा मालक चवीची काळजी करत नाही, कारण पुढची गाडीही तिथेच थांबणार असते. आपल्याकडे हा धडा फुटबॉलने नव्हे, मल्टिप्लेक्सने शिकवला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं, की बाहेरचं खाणं आत येऊ द्यायचं की नाही हा चित्रपटगृहाच्या मालकाचा अधिकार. त्या वेळी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी गमतीने जिलबीचं उदाहरण दिलं होतं: कोणी जिलबी घेऊन आला आणि चिकट बोटं खुर्चीला पुसली तर? प्रश्न बिनतोड आहे. मात्र त्याच निकालाने पाणी फुकट द्यायला लावलं, हे आपण तिकीट काढताना विसरतो.

बिअरचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. इंग्लंडात १९८५ च्या कायद्याने वरच्या पाच श्रेणींतल्या सामन्यांत मैदान दिसत असताना दारू पिता येत नाही. विकत घेता येते, पिता येते, फक्त पिताना फुटबॉल दिसता कामा नये. त्यामुळे मध्यंतरात हजारो धडधाकट पुरुष छताखालच्या बोळात भिंतीकडे तोंड करून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे उभे राहून, अर्धा लिटरहून मोठा ग्लास सात-आठ मिनिटांत घशाखाली उतरवतात. दंगा टाळण्यासाठी माणसाला दारू घाईघाईने प्यायला लावणारा हा कायदा ज्यांच्या डोक्यातून निघाला, त्यांनी तो बहुधा सावकाश पीत पीत लिहिला असावा. रग्बी आणि क्रिकेट यांना हा कायदा लागू नाही. लॉर्ड्सवर तर कसोटीला घरून वाइनची बाटलीही नेता येते. क्रिकेट बघणारा सभ्य आणि फुटबॉल बघणारा दंगेखोर, हे सरकारने कागदावर गृहीत धरलं आहे. पाचव्या श्रेणीच्या खाली उतरलात की पुन्हा ग्लास हातात घेऊन सामना बघायला परवानगी. बहुधा त्या पातळीचा खेळ शुद्धीवर राहून बघणं कठीण, हे सरकारलाही पटलं असावं.

स्कॉटलंडात याहून कडक. १९८० च्या स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यानंतर सेल्टिक आणि रेंजर्सच्या पाठीराख्यांनी हॅम्पडेनच्या मैदानात उतरून एकमेकांना बदडलं, आणि त्याच वर्षी कायदा होऊन स्टँडमधली दारू बंद झाली. वरच्या खास दालनात जेवणाचं ताट घेऊन बसणाऱ्यांना मात्र मिळते. साधा प्रेक्षक उरला बोव्हरिलपुरता. बोव्हरिलच्या लोकप्रियतेचं रहस्य कोणाला हवं असेल तर ते एवढंच आहे.

तंत्रज्ञानाने मात्र हार मानलेली नाही. २०१९ मध्ये उघडलेल्या टॉटनहॅमच्या नव्या स्टेडियममध्ये ६५ मीटर लांबीचा बार आहे, आवारातच स्वतःची छोटी ब्रुअरी आहे, आणि ग्लास बुडाकडून भरतात. म्हणजे तळाला भोक, भोकावर चुंबकाची चकती, ग्लास नळावर दाबला की बिअर खालून वर चढते. आख्ख्या स्टेडियममध्ये मिनिटाला दहा हजार ग्लास भरता येतात, असा दावा केला गेला. एवढी अक्कल मिनिटाला दहा हजार गोल करायला वापरली असती तर, असं आर्सेनलचे लोक म्हणतात. मी कोणत्याच बाजूचा नाही.

वरच्या दालनांचा विषय निघालाच आहे तर रॉय कीनचं नाव घ्यायला हवं. नोव्हेंबर २००० मध्ये डायनामो कीवविरुद्धचा सामना मँचेस्टर युनायटेडने जिंकला, तरी कर्णधार कीन प्रेक्षकांवर उखडला. यांतले काही लोक दोन घोट घेतात, कोळंबीचं सँडविच खातात आणि मैदानात काय चाललंय हे त्यांना कळतही नाही, असा त्याचा आरोप होता. तेव्हापासून इंग्लंडात कोळंबी-सँडविच हा शब्द श्रीमंत, निरुत्साही प्रेक्षकासाठी शिवीसारखा वापरतात. आपण कोकणी-मालवणी माणसं. कोळंबीची अशी बेअदबी आपल्याला सहन होत नाही. दोष कोळंबीचा नाही, तिला दोन गार पावांत दाबून बसवणाऱ्याचा आहे.

आणि नॉर्विच सिटी! या क्लबची वर्षानुवर्षं मालकीण राहिलेली डेलिया स्मिथ, म्हणजे इंग्लंडला अंडं उकडायला शिकवणारी बाई. तिच्या पाककृतींच्या पुस्तकांवर दोन पिढ्यांनी संसार केले. साहजिकच मैदानावरच्या खानपानात तिने जातीने लक्ष घातलं. फेब्रुवारी २००५ मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध दोन गोलांची आघाडी घालवून नॉर्विच बरोबरीत आलं, तेव्हा मध्यंतरात ही बाई माइक घेऊन मैदानात उतरली आणि आवाज करा म्हणून प्रेक्षकांवर ओरडली. नॉर्विच ३–२ ने हरलं. स्वयंपाक सुधारला म्हणून बचावफळी सुधारत नाही.

पण खरी गंमत अशी, की क्लब जितका लहान तितकं खाणं चांगलं, असा माझा पक्का समज झाला आहे. लहान मैदानावर चहाच्या टपरीमागे क्लबचीच कोणीतरी बाई उभी असते. पाय कच्चा निघाला तर पुढच्या शनिवारी तिला त्याच माणसांना तोंड दाखवायचं असतं. मोठ्या मैदानावर खाण्याचं कंत्राट असतं, आणि कंत्राटाला तोंडच नसतं. दरवर्षी मेल्टन मोब्रे गावच्या सेंट मेरी चर्चमध्ये ब्रिटिश पाय अवॉर्ड्सचं परीक्षण होतं. आधी पायना धर्मगुरूंचा आशीर्वाद, मग परीक्षकांचे दात. २०१५ मध्ये तिथला सर्वोच्च मान मिळवला कोणी? मॅंचेस्टर युनायटेडने नाही, चेल्सीने नाही. समुद्रकिनाऱ्यावरच्या मोरकम नावाच्या चिमुकल्या क्लबच्या चिकन, हॅम आणि लीकच्या पायने. पुढे २०२५ मध्ये हाच क्लब आर्थिक अडचणीत सापडून बंद पडायच्या बेतात आला आणि पंजाब वॉरियर्स नावाच्या गटाने तो विकत घेतला. पायच्या शेजारी समोसा आला तर परीक्षकांनी दचकू नये.

स्कॉटलंडात किलमार्नॉकच्या पायवरून क्लब आणि बेकरी यांच्यात नावाच्या हक्काचा वाद झाला. ग्लॉस्टरशरमधल्या फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सने २०१५ पासून मैदानावरचं सगळं खाणं व्हीगन करून टाकलं. दूधसुद्धा गाईचं नाही. पाहुण्या संघाचे पाठीराखे तिथे जाताना नाकं मुरडतात, आणि मग गुपचूप दुसरा पाय मागतात, असं तिथे जाऊन आलेला भाचा सांगतो. आमच्या घरात हे कोणालाच नवल वाटलं नाही. उपासाच्या दिवशी आमच्याकडेही दुप्पट खातात.

जर्मनीत हवा वेगळी. पावात भाजलेलं सॉसेज, मोहरीचा फराटा, हातात बिअर आणि डोळ्यांसमोर फुटबॉल, हे सगळं एकाच वेळी चालतं. ग्लासचं डिपॉझिट ठेवायचं, ग्लास परत दिला की पैसे परत. बायर्न म्युनिकचा अनेक वर्षं कारभार पाहिलेले उली होनेस हे तर खाटकाचे चिरंजीव. १९७४ चा विश्वचषक जिंकला आणि न्यूरेंबर्गला सॉसेजचा कारखाना काढला. प्रेक्षक म्हणजे दूध काढून घ्यायची गाय नव्हे, अशा अर्थाचं ते सीझन तिकिटाच्या भावाबद्दल बोलले होते, आणि ते वाक्य इंग्लंडमधले पाठीराखे अजून उसासे टाकत सांगतात. पुढे २०१४ मध्ये कर चुकवल्याबद्दल होनेससाहेबांना साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे त्यांनी प्रेक्षकांना सोडलं, सरकारला सोडलं नाही. क्रम बरोबर आहे.

फिफाकडे मात्र गाय कोण याबद्दल संभ्रम नाही. ब्राझीलमध्ये साल्वादोर शहरात फोन्ते नोव्हा मैदानाबाहेर पांढरे घेरदार झगे घातलेल्या बाया आकाराजे विकतात. चवळी वाटून, पाम तेलात तळलेला वडा, आत सुकट-कोळंबी. २०१४ च्या विश्वचषकाच्या तयारीत प्रायोजकांच्या हक्कांपायी या बायांना मैदानाजवळ मज्जाव होणार असं दिसलं. त्यांनी निदर्शनं केली, सह्यांची मोहीम काढली, आणि अखेर आवारात जागा मिळवली. वडेवाल्या बाईशी वाकडं घेऊ नये, हे फिफाला दादर स्टेशनवर कोणीही सांगितलं असतं. कतारमध्ये २०२२ ला उलटं घडलं: सामने दोन दिवसांवर आले असताना स्टेडियममधली बिअर बंद झाली आणि आत मद्यरहित बिअर ३० रियालला, म्हणजे साडेसहाशे रुपयांच्या आसपास, विकली गेली. नशा नाही, फक्त बिल.

आपल्याकडे कोलकात्यात खाणं मैदानाबाहेर बाजारात ठरतं. ईस्ट बंगाल जिंकलं की हिल्सा, मोहन बागान जिंकलं की कोळंबी. आणि निकाल लागला की त्या त्या माशाचा भाव चढतो. जगात फुटबॉलचा निकाल मासळी बाजारात कळणारं दुसरं गाव मला ठाऊक नाही. मडगावात फातोर्ड्याच्या सामन्यानंतर गाड्यावर रोस ऑम्लेट खावं, म्हणजे पराभव पचतो. आणि कोल्हापूर! शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना असला, की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. तिथे भडंगाची पुडी उघडावी, वर कच्चा कांदा, आणि शेजारच्या अनोळखी माणसाने न विचारता त्यात हात घालावा. त्याला नाही म्हणता येत नाही. तो आपल्याच तालमीचा असतो, आणि नसला तर नाही म्हणणं आणखी धोक्याचं.

भाव कमी केला तर धंदा बुडेल, असं क्लबवाले सांगतात. अमेरिकेत अटलांटाचं मर्सिडीज-बेंझ स्टेडियम चालवणाऱ्या आर्थर ब्लँक यांनी २०१७ मध्ये उलटं करून पाहिलं. हॉटडॉग दोन डॉलर, हवं तितक्यांदा भरून मिळणारं सरबत दोन डॉलर, पिझ्झाचा तुकडा तीन, बिअर पाच. जुन्या स्टेडियमच्या मानाने भाव निम्म्यावर आले. वर्षअखेरीस हिशेब मांडला तर दर माणशी खर्च १६ टक्क्यांनी वाढला होता. लोक लवकर येऊ लागले, मुलाबाळांना घेऊन येऊ लागले, आणि दुसऱ्यांदा रांगेत उभे राहू लागले. ब्लँक हे होम डेपोचे एक संस्थापक. खिळे-पाने विकून मोठे झालेले. गिऱ्हाईक परत आलं पाहिजे, हे खिळे विकणाऱ्याला कळतं. २०२६ च्या विश्वचषकाचा एक उपांत्य सामनाही याच मैदानाच्या वाट्याला आला.

तेव्हा जगभरच्या क्लबांना एका मराठी प्रेक्षकाची विनंती आहे. भाव अटलांटासारखे करणं जमत नसेल तर राहू द्या. आम्ही भाच्याच्या पैशांनी खाऊ. निदान पाय मधोमध आणि कडेला सारखाच गरम द्या.